डबडं आधी की नंतर?

(वर्धा रोडवरचं एक लग्नाचं लॉन. मे महिना. संध्याकाळचे सहा वाजलेत, पण ऊन अजून हटायला तयार नाही. स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे कूलर. रिसेप्शन आठला. ऑर्केस्ट्रातला नवा गिटारवाला पोरगा पेडलबोर्डवरच्या वायरी उपसत गुडघ्यांवर बसलाय. मिक्सरमागे साउंडवाला. किबोर्डवाला चहा पितोय.)

साउंडवाला : अबे बाबू, काय करून राहिला तू? अर्ध्या तासापासून तुझ्या चॅनेलवर नुसतं खट्‌खट्‌ येऊन राहिलं.

पोरगा : काका, नवीन बूस्ट पेडल घेतलं. कुठं लावू तेच समजून नाही राहिलं. ओव्हरड्राइव्हच्या आधी की नंतर?

साउंडवाला : सकाळी कुठं होतं?

पोरगा : आधी. काल रात्री नंतर होतं. दुकानदार म्हणे आधी, मित्र म्हणतो नंतर, होस्टेलचा सीनियर म्हणतो एकदम शेवटी.

साउंडवाला : अन्‌ तू काय म्हणतो?

पोरगा : मी म्हणतो अजून एक घ्यावं. एक आधी, एक नंतर.

किबोर्डवाला : याच्या बापाले फोन लावा रे कोणी.

साउंडवाला : थांब. पहिले आधी लाव. गिटार, बूस्ट, मंग ओव्हरड्राइव्ह. हं, वाजव. आता दाब पायानं.

(पोरगा दाबतो. सूर घोगरा, लांबट होतो.)

साउंडवाला : आवाज वाढला?

पोरगा : हो! म्हणजे... जाड झाला.

साउंडवाला : मी जाड नाही विचारलं. माझ्या मीटरचे दिवे जिथं होते तिथंच आहेत.

पोरगा : पण पेडलवर तर बूस्ट लिहिलंय.

साउंडवाला : लिहिणाऱ्याचं काय जाते! तुझं ओव्हरड्राइव्ह म्हणजे ठासून भरलेली आपली बस. सीताबर्डीले अजून वीस माणसं कोंबली, तर बसचं छत वर जाते का? आतली माणसं चेपते. तसंच तुझ्या सुराचे शेंडे चेपून राहिले. शेंडे चेपले का कर्कशपणा वाढते, सूर जास्त वेळ टिकते, पण उंची तेवढीच राहते.

किबोर्डवाला : म्हणजे पोह्यावर तर्री...

साउंडवाला : तर्रीचं नाव काढू नको. या गावात काहीबी समजवायले गेलं का माणूस तर्रीवर येते.

पोरगा : म्हणजे आधी लावणं चूक आहे.

साउंडवाला : कोण म्हणते? क्वीनचा ब्रायन मे जन्मभर तेच करून राहिला. गिटारीतून ट्रेबल बूस्टर, तिथून सरळ व्हॉक्स एसी 30 मंधी. अँपच्या व्हॉल्व्हलेच गच्च भरून टाकायचं. साफ सूर पायजे असला का गिटारीवरचं बटण कमी करायचं, पेडलले पाय लावायची गरज नाही. टोनी आयोमी, रोरी गॅलाघर, हे लंडनचं डॅलस रेंजमास्टर वापरत. पायात नाही राहत ते, अँपच्या डोक्यावर ठेवायचा डबा होता.

पोरगा : मला तसंच पाहिजे होतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं.

साउंडवाला : नागपुरात? मे मंधी? बाबू, जर्मेनियम तापलं का आतून करंट गळते, सेटिंग सरकून जाते, सूर फाटते नाहीतर बसून जाते. ते लंडनच्या हवेतलं यंत्र. इथं पारा 45 ले टेकते. तुझं पेडल पहिल्या गाण्यातच लू लागून पडलं असतं. सिलिकॉन घेतलं तेच बरं केलं.

किबोर्डवाला : तुम्हाले हे सगळं कसं ठाऊक?

साउंडवाला : तीस वर्षं लोकांच्या लग्नात मिक्सरमागं बसून राहिलो. मुहूर्त कधी वेळेवर लागला का? तेवढ्या वेळात माणूस वाचणार नाही तर काय करन?

(पोरगा पेडल उपटून ओव्हरड्राइव्हच्या पुढे लावतो. पॅच केबल चार बोटं अपुरी पडते. ओव्हरड्राइव्ह तिरकं होतं. बूस्टचं बटण तो हौसेनं शेवटपर्यंत फिरवतो आणि दाबतो. लॉनवरच्या कबुतरांचा थवा उडतो. मंडपातून मुलीचे मामा धावत येतात.)

मामा : काय जी हे? पहिल्या रांगेत आमची आत्या बसणार आहे. बायपास झाली तिची.

साउंडवाला : काही नाही जी, पोराचं बटण जरा सरकलं.

मामा : कायचं बटण?

पोरगा : हे बूस्ट, मामाजी. आवाज वाढवते.

मामा : आवाजच वाढवायचा आहे तर या टेबलावरचं बटण वर करा ना. त्याच्यासाठी वेगळं डबडं कायले?

(प्रश्न रास्त आहे. पेडलच्या दुकानात तो कुणी विचारत नाही एवढंच.)

पोरगा : मामाजी, सोलोच्या वेळी काका जेवायला गेलेले असतात.

साउंडवाला : एकदा गेलो होतो.

किबोर्डवाला : वडाभात संपत आला होता, त्यांचाबी इलाज नव्हता.

मामा : (जाता जाता) दहाच्या आत आटपा म्हणजे झालं.

साउंडवाला : किती फिरवलं होतं बटण?

पोरगा : फुल्ल. 26 डेसिबलपर्यंत जातं.

साउंडवाला : 26 म्हणजे किती, माहीत आहे?

पोरगा : बराच.

साउंडवाला : इंजिनिअरिंगच्या कोणत्या वर्षाले आहेस? 6 डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट. 20 म्हणजे दहापट. 26 म्हणजे वीसपट. जोरात तार मारली का पिकअपमधून अर्धा व्होल्ट सहज निघते. त्याच्या वीसपट किती?

पोरगा : दहा.

साउंडवाला : अन्‌ तुझी बॅटरी कितीची?

पोरगा : नऊची.

साउंडवाला : नऊच्या बॅटरीतून दहा वर अन्‌ दहा खाली कुठून आणशीन? पेडल स्वतःच छताले टेकून राहिलं. अन्‌ त्याच्या पुढं तुझं डिजिटल डिले. ते बिचारं एवढं व्होल्टेज घ्यायले बनलंच नाही. मघाशी जे तडतडलं ना, ते तुझं ओव्हरड्राइव्ह नव्हतं. डिलेचं तोंड फाटलं ते.

पोरगा : मग डिलेच्या पुढे लावतो, एकदम शेवटी. सीनियर बरोबर म्हणत होता.

साउंडवाला : लाव. सोलो वाजव, अन्‌ शेवटच्या सुरावर बूस्ट बंद कर.

(पोरगा तसं करतो. डिलेचे परतणारे सूर मध्येच धाडकन खाली बसतात.)

पोरगा : हे काय झालं?

साउंडवाला : डिलेची शेपटी अजून सुरू होती, अन्‌ तू तिच्या मागचा नळच बंद केला. बूस्ट डिलेच्या आधी असता तर तो बंद केल्यावरबी मोठे झालेले सूर आपल्या मनानं विरले असते. ओव्हरड्राइव्ह, बूस्ट, मंग डिले. पण बटण फुल्ल नाही. चार-पाच डेसिबल लय झाले.

किबोर्डवाला : एवढ्यानं लोकांले समजन का सोलो आला म्हणून?

साउंडवाला : तुझ्यावर आहे ते. तू दोन्ही हातानं जाऊन बसते कुठं? त्याचा सोलो जिथं आहे तिथंच. डावा हात जरा वर घेतला सोलोपुरता, तर त्याले बूस्टचं पेडलच लागत नाही.

किबोर्डवाला : डावा हात काढला तर माझे पैसे अर्धे कापान तुम्ही.

पोरगा : काका, आधी लावण्यात एक फायदा होता पण. सूर जाड तर होतोच ना. लोक ट्यूब स्क्रीमरचा गेन शून्यावर अन्‌ लेव्हल वर ठेवून तसंच वापरतात.

साउंडवाला : मेटलवाले वापरते ना! त्यांचा अँप आधीच ठासलेला. त्याच्या समोर स्क्रीमर लावलं का खालचा घूंघूंपणा कापल्या जाते, मधला भाग उठते, पटापट मारलेले सूर सुटे सुटे लागते. त्यांले आवाज नको असते, धार पायजे असते. तुले आज रात्री काय पायजे? धार का आवाज?

पोरगा : दोन्ही.

किबोर्डवाला : म्हणूनच हा दोन घेऊन राहिला होता.

साउंडवाला : हळदीची गाणी, दोन गझला, लता-किशोर, मंग पोरांची फर्माईश. याच्यात धार कोणाले दाखवतो तू? आत्याले? त्या एका सोलोपुरतं तुले दोन पावलं पुढं यायचं आहे, बस. अन्‌ एक ऐक. काहीच वाजवू नको. बूस्ट दाब.

(पोरगा दाबतो. स्पीकरमधून एक अखंड घूं येतो.)

पोरगा : पेडल खराब निघालं!

साउंडवाला : पेडल चांगलं आहे. तू कूलरले टेकून उभा आहे. तुझं सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं. कूलरच्या मोटारीचं 50 हर्ट्‌झचं घूं ते बरोबर धरून राहिलं. बूस्टले काय माहीत, सूर कोणता अन्‌ घूं कोणतं?

पोरगा : आधी होतं तेव्हा जास्त होतं की आता?

साउंडवाला : आधी होतं तेव्हा जास्त. समज ना! तुझा सूर तर छताले टेकलेलाच होता, त्याले वर जायले जागा नव्हती. घूं बारीक होतं, त्याले भरपूर जागा होती. मंग बूस्टनं कोणाले वाढवलं? घूं ले. आता नंतर लावलं, तर दोघं सारखेच वाढते. फरक तेवढाच राहते.

(एवढं सगळं ऐकून पोरगा पहिल्यांदा पेडलपेक्षा कूलरकडे जास्त लक्ष देतो. त्याच्या शिक्षणात आज झालेली ही खरी भर.)

पोरगा : मामाजी, हा कूलर बंद करता येईल का?

मामा : (लांबूनच) आत्या!

साउंडवाला : कूलर बंद नाही होत, बाबू. तू तिकडं सरक. अन्‌ उभा राहून जरा वळून पाय. एका कोनात घूं कमी होते.

(पोरगा गिटार धरून सावकाश गोल फिरतो. किबोर्डवाला उगाच हात जोडतो.)

साउंडवाला : बस! तिथंच. तोंड कोणीकडं झालं?

पोरगा : जेवणाच्या टेबलांकडे.

साउंडवाला : चांगलं आहे. मी कुठं आहे तेही दिसन तुले.

पोरगा : काका, एक विचारू? मी बूस्ट दाबला की तुम्ही इथून माझं फेडर खाली घेता ना?

(शांतता. किबोर्डवाला कप खाली ठेवतो.)

साउंडवाला : कोण म्हणालं?

पोरगा : मागच्या वेळेला मला मॉनिटरमध्ये मोठं येत होतं, अन्‌ मित्र बाहेरून म्हणाला काहीच फरक नव्हता.

साउंडवाला : अचानक लाल दिवा लागला का माझा हात आपोआप खाली जाते. तीस वर्षांची सवय आहे. गायिकाताईच्या आवाजावर कोणी चढला तर पैसे तिचे नाही कापत, माझे कापते. अन्‌ फेडर सोडलं तरी पुढं स्पीकरच्या आधी लिमिटर बसवला आहे. तेबी एक छतच समज.

पोरगा : म्हणजे मी कुठंही लावलं तरी...

साउंडवाला : कुठंबी लावू नको. ओव्हरड्राइव्हच्या नंतर, डिलेच्या आधी. अन्‌ चार डेसिबलच ठेवशीन, वीस नाही, हे आत्ता कबूल कर. मंग त्या एका गाण्याले मी हात खिशात घालून बसतो.

पोरगा : खरं?

साउंडवाला : किबोर्डवाले, तू साक्षीदार. अन्‌ डावा हात?

किबोर्डवाला : (नाइलाजानं) एका गाण्यापुरता.

(मामा पुन्हा येतात. हातात मोबाइल, त्यावर आवाज मोजायचं ॲप.)

मामा : हे पाहा जी, शेजारच्या सोसायटीवाल्यांनी मागच्या लग्नाले तक्रार केली होती. 2000 सालचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45.

पोरगा : माझं फक्त 26 चं आहे, मामाजी. अजून 29 शिल्लक आहेत.

साउंडवाला : (कपाळाला हात लावून) अबे, ते डेसिबल वेगळं अन्‌ हे वेगळं! तुझं 26 म्हणजे किती पट, ते सांगते. यांचं 55 म्हणजे हवेतला आवाज, कानाशी मोजलेला. एकातून दुसरं वजा नाही होत.

मामा : ते तुम्ही पोलिसांले समजवा. दहाले उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद.

साउंडवाला : सरकार सणावाराले बारापर्यंत सूट देते ना जी. वर्षातून 15 दिवस.

मामा : सणावाराले. माझ्या भाचीच्या रिसेप्शनले नाही.

साउंडवाला : बाबू, सोलोवालं गाणं कितवं आहे यादीत?

पोरगा : शेवटचं. क्लायमॅक्सला ठेवलंय.

साउंडवाला : वरात आठले येणार, हार घालायले नऊ, फोटो साडेनऊ. शेवटचं गाणं साडेदहाच्या आधी येत नाही. त्याले वर आण. पेडलचं बटण घड्याळातल्या नऊवर ठेव अन्‌ सोलोबी नऊलेच घे. दहाले मी मेन स्विच पाडतो.