राउंडअबाउटकाका

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या मराठी मंडळींत त्यांना 'राउंडअबाउटकाका' म्हणतात आणि ते त्यांना मुळीच खपत नाही. ज्या गाण्यावरून हे नाव पडलं, ते 'यस' या इंग्लिश बँडचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं, हाच त्यांचा आक्षेप. गाणं चार लोकांना आवडलं की त्यात काहीतरी खोट असणार, असा काकांचा हिशेब. यसच्या चाहत्याला 'राउंडअबाउट' आवडणं म्हणजे किशोरीताईंच्या मैफलीत जाऊन 'सहेला रे'ची चिठ्ठी पाठवणं, असं ते म्हणतात.

एरवी माणूस भिडस्त. लॉनचं गवत दोन बोटं वाढलं तरी एचओएचं (वसाहतीतल्या घरमालक संघटनेचं) पत्र येईल म्हणून धास्तावणारा. पण वरच्या मीडिया रूमचं दार उघडलं की आवाज चढतो.

'राउंडअबाउट' १९७१चं, 'फ्रॅजाइल' अल्बममधलं, साडेआठ मिनिटांचं. अमेरिकेत सिंगल काढताना ते निम्म्याहून अधिक कापलं आणि १९७२ साली ते बिलबोर्डच्या यादीत १३व्या क्रमांकावर चढलं. "कापलं म्हणून चढलं!" हे वाक्य काका सुतकी चेहऱ्याने म्हणतात. त्यात २०१२ साली एका जपानी कार्टून मालिकेने, 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर'ने, ते शेवटच्या श्रेयनामावलीला लावलं. परिणामी काकांच्या मुलीच्या हायस्कुलातली पोरं सुरुवातीची गिटार ऐकताच "जोजो!" म्हणून ओरडतात. पहिल्यांदा काकांना भरून आलं होतं. पोरं कशाला ओरडताहेत ते कळल्यावर जेवले नाहीत.

१९८३च्या 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'चं तर नावच काढायचं नाही. जानेवारी १९८४मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बँडचं तिथवर पोचलेलं हे एकमेव गाणं, म्हणजे काकांच्या लेखी सगळ्यांत मोठा गुन्हेगार. सेंट्रल एक्सप्रेसवेवर रेडिओला ते लागलं की काका स्टेशन बदलतात. बदलायला हात पुढे जाईपर्यंत दुसऱ्या हाताची बोटं स्टीअरिंगवर अचूक ठेका धरतात, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

मग आवडतं काय? १९७२चं 'क्लोज टू द एज'. एकच गाणं, तबकडीची अख्खी बाजू, १८ मिनिटांहून जास्त. काका तबकडी दोन तळव्यांत कडांनी धरतात, मखमली ब्रश फिरवतात, सुई टेकवताना श्वास रोखतात. पाहुण्यांनीही रोखावा अशी अपेक्षा असते. साबुदाणा वड्याच्या बशा दाराबाहेर. तेलकट हाताला आत मज्जाव. गाण्याची सुरुवात पाण्याच्या खळखळाटाने आणि पाखरांच्या आवाजाने होते. एकदा एका पाहुण्याने खाली हाक मारली, "वहिनी, नळ चालू राहिलाय वाटतं!" त्या घराला पुन्हा बोलावणं गेलं नाही.

त्याहून वरचं स्थान १९७३च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'ला. दोन तबकड्या, गाणी चार, वेळ ८० मिनिटांच्या वर. गायक जॉन अँडरसनला ही कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या 'योगी कथामृत'मधल्या शास्त्रांवरच्या एका तळटीपेवरून. "बघा, मूळ आपलंच!" असं काका सांगतात तेव्हा त्यांच्यातला प्लेनोकर मावळून अस्सल सदाशिवपेठी उगवतो. पुढचं मात्र ते सांगत नाहीत. कीबोर्डवाल्या रिक वेकमनलाच हे प्रकरण इतकं कंटाळवाणं वाटायचं की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने चालू वादनात करी खाल्ली, आणि १९७४ साली बँडच सोडला. ती करी विंदालू होती, असं वेकमन स्वतः सांगतो. म्हणजे 'मूळ आपलंच' इथेही लागू पडतं. आमच्या मंडळातल्या म्हापशाच्या वहिनींना त्या अल्बममधलं तेवढंच पटलंय. काकूंचा वेकमनला पूर्ण पाठिंबा आहे. "निदान त्याला वेळेवर जेवायला तरी मिळालं," त्या वड्यांची बशी पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये ढकलत म्हणाल्या.

काकांनी गेल्या गणपतीत सांस्कृतिक समितीकडे अर्ज केला होता: आरतीनंतर ऐंशी मिनिटं द्यावीत. समितीने पाच दिली. तेवढ्यात काय बसणार? कापलेलं 'राउंडअबाउट'. काकांनी अर्ज मागे घेतला.

तुम्हाला त्यांच्याकडचं आमंत्रण आलं तर जरूर जा, काकूंच्या हाताला चव आहे. पण गाडी ड्राइव्हवेत नको, रस्त्यावर लावा. मागे दुसऱ्याची गाडी लागली तर दुसरी तबकडी संपेपर्यंत सुटका नाही.