यांत्रिक कीबोर्डाचा बंदोबस्त

सुरतेच्या नवागामात, जेथे भुसावळच्या गाडीने खानदेशातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे दिवसपाळी आणि रातपाळी अशा दोन संसारांत विभागलेली आहेत, तेथे यांत्रिक गेमिंग कीबोर्ड घरात आणू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की उधन्याच्या लूमखात्यात रात्रभर उभा राहून आलेला शेजारी यंत्रमागांचा खडखडाट कानाआड करून दुपारी निश्चिंत घोरत असला, तरी भिंतीपलीकडल्या निळ्या स्विचची टकटक ऐकताच तो दचकून उठतो आणि ‘जपू दे ना, भो!’ म्हणजे ‘झोपू दे ना, भाऊ!’ अशी तोंडी फिर्याद दाखल करतो. कारण पोटापाण्याचा गोंगाट क्षम्य आणि करमणुकीचा दंडनीय, हा इथला अलिखित कायदा आहे.

यास्तव कळांखालच्या स्विचचा रंग आधी मुक्रर करावा. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात रूढ केलेल्या एमएक्स घराण्यात निळा प्रत्येक दाबाची दवंडी पिटतो, तपकिरी बोटाला केवळ एक सूक्ष्म उंचवटा जाणवून देतो आणि लाल निमूटपणे खाली जातो. लाल कळीची चाल ४ मिलिमीटरची असली, तरी २ मिलिमीटरवरच हुकूम रुजू होतो. रणांगणावर हा सद्गुण खराच. परंतु त्याच कळफलकावर वडिलांच्या कापडाचे बिल करताना नुसते विसावलेले बोटही फर्मान ठरते आणि एका साडीच्या अकरा साड्या होतात. शिवाय लाल म्हणजे शांतता, ही समजूत भाबडी होय. कळ तळाला आपटतेच, आणि स्पेसबारखालच्या तारेस वंगण नसेल तर ती खुळखुळते. तारेस चिमूटभर ग्रीस लावावे, फलकाखाली जाड कापडाची घडी घालावी. कापडाचा तोटा सुरतेत कोणास पडत नाही.

कंपनी एका लाल स्विचला दहा कोटी दाबांचे आयुष्य बहाल करते खरी, पण तिने आपल्या हिशेबात टिकल्या धरलेल्या नाहीत. ज्या घरात आई साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचे काम करते, तेथे कळीची टोपी उपसली की खाली सोनेरी टिकल्या, दोऱ्याचा रुवा आणि शेवेचा चुरा यांचा संयुक्त दरबार भरलेला आढळतो. एका दाबात दोन अक्षरे उमटू लागली, तर स्विचच्या आतील संपर्कपत्रीशी काहीतरी अडले वा झिजले आहे असे समजावे, आणि दोष आईस न देता मऊ ब्रश हाती घ्यावा.

कळांखालच्या रोषणाईविषयी एवढेच, की गणपतीत फलक मखरापाशी मांडल्यास खर्चाची अंशतः वसुली होते.

कालांतराने खेळात सतत दाबल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांवरील अक्षरे झिजून नाहीशी होतात. देवनागरी टंकनाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत याच कळांवर ऐकार, ओकार, एकार आणि हलन्त वसतात, म्हणून गावाकडे अर्ज टंकणाऱ्या मामांना या ऱ्हासाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या फलकांवर देवनागरी बहुधा मुळातच छापलेली नसते, सबब मामांचे नुकसान शून्य धरावे.