पाव फेरा मागे

सकाळी साडेसहाला बेल वाजली आणि दारात पाइपपाना घेतलेला माणूस उभा दिसला, तर कुणीही आधी साखळी लावेल. आमच्या इमारतीत "या काका" म्हणतात आणि आंघोळीला गेलेल्याला हाक मारून सांगतात, "साबण लावू नकोस रे, आज पहिला रविवार आहे." महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रेशरकाका इमारतीतल्या यच्चयावत कॉकना व्यायाम देतात.

प्रेशरकाका हे नाव पाण्यावरून पडलं. त्यांना रक्तदाबही आहे, पण तो नंतर आला. डॉक्टरांनी "प्रेशर कसं आहे?" असं विचारल्यावर त्यांनी "कितव्या मजल्यावर?" असा उलट प्रश्न केला होता, असं काकू सांगतात. वय चौऱ्याहत्तर, अंगात बंडी, कानामागे पेन्सिल, खिशात टेफ्लॉन टेपची गुंडाळी. व्हॉल्व्हला ते 'वॉल' म्हणतात. "तुमचं ते व्हॉल्व्ह म्हणून होईस्तोवर बादली भरते."

त्यांचं तत्त्वज्ञान थोडक्यात असं : वॉल न फिरवता ठेवला की क्षार धरतो आणि ऐन वेळी जागचा हलत नाही. म्हणून तो फिरवावा. पूर्ण बंद, पूर्ण चालू, आणि मग पाव फेरा मागे. हा पाव फेरा महत्त्वाचा. "टोकापर्यंत उघडून ठेवला की तिथंच बसतो. मग दुसरा कुणी येतो, त्याला वाटतं बंदच आहे, उघडायला म्हणून जोर लावतो आणि दांडी मोडून हातात घेतो. म्हणून नेहमी पाव फेरा मागे." हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की आमच्या मजल्यावरच्या एका नवविवाहिताने तो संसाराचा सल्ला समजून मान डोलावली होती.

खडकवासल्यात राहणाऱ्याला पाण्याचं एवढं काय, असं पुण्यातल्या पाहुण्यांना वाटतं. ते रविवारी चौपाटीवर येतात, धरणाकडे बघत कणीस खातात आणि म्हणतात, "तुमची काय मजा आहे बुवा!" धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण त्यांनी ऐकलेली असते, पण ती आमच्यावरून पडली असावी असा संशय त्यांना येत नाही. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं. त्याआधी पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या नावाने बोटं मोडायचो, आता बोटांना जरा लांबचा पत्ता मिळाला. टँकर तेव्हाही येत होता, आताही येतो.

काका मात्र धरणाकडे इमारतीची टाकी म्हणूनच बघतात. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या गच्चीवरच्या टाक्या. खडकवासला म्हणजे खालची बारकी टाकी, वरून आलेलं पाणी घेऊन पुढे सोडणारी. "चारी मिळून २९.१५ टीएमसी. त्यात आपलं किती? १.९७! नाव मोठं, टाकी लहान." पावसाळ्यात रोज सकाळी ते साठ्याची टक्केवारी वाचतात आणि पेपर खाली ठेवताना असे सुस्कारतात, की विसर्ग यांना विचारून व्हायला हवा होता.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती बाथरूममधल्या अँगल कॉकची मूठ माझ्या हातात आली त्या रात्री. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर अशी आपटत होती की आमच्याकडे प्रेशर नाही ही माझी अकरा वर्षांची तक्रार क्षणात खोटी ठरली. बायकोने धारेखाली पातेलं धरलं. ते धरल्या धरल्या भरलं. काका आले. शांत.

"मेन कॉक कुठाय तुझा?"

मला माहीत नव्हतं.

"संडासाच्या माळ्यावर. गणपतीच्या मखराच्या मागे."

ते बरोबर होतं. माझ्या घरात माझ्या मखरामागे काय आहे हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मखर काढलं, दिव्यांची माळ गळ्यात अडकली, काका स्टुलावर चढले आणि फेरे मोजत मूठ फिरवू लागले. सात, आठ, नऊ. धार तशीच. त्यांनी पाइपला कान लावला, डोळे मिटले.

"पाचर सुटलीय."

गेट वॉलच्या आत पितळेची एक पाचर असते. मूठ फिरवली की ती दांडीबरोबर खाली उतरते आणि पाणी अडतं. दांडी आणि पाचर यांचा सांधा झिजला की दांडी एकटीच फिरते, पाचर वरच अडकून राहते. हे मला त्यांनी खाली उतरून, पातेल्याच्या आवाजावर आवाज चढवून समजावलं. आता गच्चीवर जाऊन वरूनच लाइन बंद करायची होती. ते निघाले आणि दारात थांबले.

"१९०३ साली विश्वेश्वरय्यांनी इथंच, आपल्या धरणावर, आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीला चढलं की दार आपलं आपण उघडायचं, उतरलं की आपलं आपण मिटायचं. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवला! माणूस नको, मूठ नको. आणि तुझ्याकडे?"

"काका, पाणी हॉलमध्ये आलं."

"तेच म्हणतोय मी. पातळी."

दुसऱ्या दिवशी नांदेड फाट्याहून प्लंबर पोरगा आला आणि त्याने जुन्या गेट वॉलच्या जागी बॉल वॉल बसवला. दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद. एका झटक्यात काम. काका शेजारी उभे राहून, जावई नापसंत असलेल्या सासऱ्यासारखे बघत होते. "चांगला आहे," शेवटी म्हणाले, "पण यात हाताला काही कळत नाही. आणि पाव फेरा मागे घ्यायचा कुठून? याचा अख्खा जन्मच पाव फेऱ्याचा."

त्या पोराशी त्यांचं जुनं वैर आहे. त्याचं प्रत्येक दुखण्याला एकच औषध : "काका, पंप टाकून देऊ." चौथ्या मजल्यावरच्या आजींना शॉवरखाली पाणी येत नव्हतं. काकांनी आपला दाबमापक नळाला जोडला, काटा ०.२ च्या आसपास थरथरला, आणि त्यांनी आजींना समोर बसवून खरं काय ते सांगितलं. "प्रेशर पाइपात नसतं आजी, उंचीत असतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. तळमजल्याच्या डोक्यावर पंधरा मीटर पाणी उभं आहे. तुमच्या शॉवरच्या डोक्यावर दोन. तुम्ही टाकीच्या फार जवळ आहात." इतकं जवळ असून काही न मिळण्याचा अनुभव आजींना नातेवाइकांच्या बाबतीत होता. त्यांना ते लगेच पटलं.

दुसऱ्या मजल्यावर मात्र गोष्ट वेगळी. तिथं उंची भरपूर, तरी स्वयंपाकघरातल्या नळाला दोऱ्याएवढी धार. पोराने पंपाचा आकडा सांगितला होता, घरमालक कबूलही झाले होते. काकांनी नळाच्या तोंडाची जाळी चिमटीत धरून फिरवून काढली आणि तळहातावर उलटी आपटली. वाळूचे चार दाणे, क्षाराचा पांढरा खडा आणि टेफ्लॉनची एक चिंधी. नळ सोडला तर ओट्यापलीकडची भिंत भिजली. "हा घ्या तुमचा पंप," म्हणून त्यांनी तो ऐवज मालकांच्या हातावर ठेवला. पोरगा आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

पाणी गेलं की लोक वर नळाकडे बघतात, काका खाली कॉककडे बघतात. याचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पान्याला तेल देता देता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे, घर नदीकाठच्या पेठेत. पाणी येतंय म्हणून ओरडा झाला, सगळे हाताला लागेल ते घेऊन पळाले, आणि आई मोरीत परत गेली. कशाला? तर नळ टपकत होता, तो घट्ट बंद करायला. खडकवासलाही फुटल्यामुळे मग शहराच्या नळांना पाणीच उरलं नाही, लोक वाड्यांतल्या विहिरींवर आले. "घर गेलं," काका म्हणाले, "नळ बंद होता."

आणि पुन्हा तेल देऊ लागले.

काकांच्या स्वतःच्या घरात एकही नळ गळत नाही. मात्र दोन खोल्यांत अकरा कॉक आहेत. प्रत्येक फाट्याला एक, त्याच्या अलीकडे राखीव एक. हात धुवायचे तर आधी माळ्यावरचा, मग मोरीतला, मग बेसिनखालचा. पाहुणे ओले हात करायच्या भानगडीत न पडता रुमालाला पुसतात. काकू चहाचं पाणी माठातून घेतात. "लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली," त्या म्हणतात, "अजून गॅसला कॉक एकच आहे म्हणून बरं."

यंदा जूनमध्ये दोघं लेकीकडे जर्मनीला गेले. पहिला रविवार आम्ही सगळ्यांनी निवांत, डोक्याला शाम्पू लावून साजरा केला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं. टाकी वर काठोकाठ भरलेली, खाली थेंब नाही. गच्चीवर नऊ पुरुष सहा वॉलभोवती उभे राहिलो. प्रत्येकावर काकांनी लाल रंगात अक्षरं काढली होती : 'जु. ला.', 'आ. व.', 'म. प.'. 'आ. व.' म्हणजे 'आजी वर' की 'आता वापरू नये', यावर दोन तट पडले. सेक्रेटरी एका वॉलला हात लावायला गेले तर बाकीचे आठजण "अहो, नको!" म्हणून ओरडले. शेवटी फोन लावला. आमचे सहा म्हणजे तिकडचे अडीच. पहिल्याच रिंगला उचलला.

"पाइपला लाव फोन."

लावला.

"हवा अडकलीय. टाकी तळाला गेली होती काल? वाटलंच. तिसरा वॉल बंद कर. आता खालचा नळ सोडायला सांग कुणाला तरी. हळूहळू उघड. हळू रे! अजून."

पाइप खोकला, गुरगुरला, खाली कुठेतरी भांडं वाजलं आणि तळमजल्यावरून आरोळी आली, "आलं!"

"पाव फेरा मागे घेतलास?"

"घेतला."

"धरण किती टक्के?"

ते सांगितलं. मग शिष्टाचार म्हणून विचारलं, काका, तिकडे कसं काय पाण्याचं? थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"चोवीस तास आहे रे," पडेल आवाजात म्हणाले. "प्रेशरही उत्तम."

मागून काकूंचा आवाज आला, "काल तळघरातले तीन फिरवून आलेत. वरच्या मजल्यावरचे जर्मन टॉवेल गुंडाळून खाली आले होते."

"बसले होते गं ते," काका म्हणाले. "किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता."