वेधशाळा मामा

जालन्याला समुद्र नाही. कुंडलिका नदी आहे, मोती तलाव आहे, आणि त्या दोन्हींत पाणी किती हे पाहुण्यांनी विचारायची पद्धत नाही. तरीही बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या प्रत्येक वादळाचा एक मुखत्यार आमच्या गावात राहतो. गाव त्यांना ‘वेधशाळा मामा’ म्हणतं.

मामा निवृत्त आहेत. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतात आणि ते पाय रोज स्टेशनातच मोकळे होतात. हातात पिशवी, पिशवीत छत्री, बारा महिने. बाकावरच्या माणसाची बॅग किती फुगलीय यावरून तो किती लांब चाललाय, हे ते ओळखतात.

“कुठं जायले?”

“विजयवाड्याला. नरसापूर गाडीनं.”

मामा लगेच बोलत नाहीत. आधी वर बघतात. आकाश कोरडं ठाक, मोसंबीच्या बागा वाळायच्या बेतात. मग हळू आवाजात म्हणतात, “अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणे.”

ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि मामांच्या चेहऱ्यावर तेज.

पंचाईत अशी, की मामा खोटं बोलत नाहीत. नगरसोल–नरसापूर गाडी जालन्यावरून जाते आणि तिचं दुसरं टोक थेट आंध्रच्या किनाऱ्याला, गोदावरीच्या मुखाजवळ आहे. २०२५ च्या २८ ऑक्टोबरला रात्री ‘मोंथा’ वादळ जमिनीवर आलं तेही नरसापूरजवळच. दक्षिण मध्य रेल्वेच्या रद्द गाड्यांची यादी मामांनी मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवली, कुणी विचारलं नसताना. वर शेरा मारला, “आपल्याच गाडीच्या शेवटच्या ठेसनावर उतरलं बघा. तेही रिझर्व्हेशन नसताना!”

वादळ तिकडं, आपण इकडं, मग गाडी का रद्द, असं एखाद्या नवख्यानं विचारलं की संपलं. “जी गाडी आज तिकडून यायची, तेच डबे उद्या तिकडं जायचे. आलीच नाही तर जाणार काय, तुमचा ट्रॅक्टर?” मग पुलाखालच्या धोक्याच्या खुणा, पाण्याखाली गेलेले रूळ, रात्री बॅटरी घेऊन रुळांवरून फिरणारे गँगमन. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तेलंगणात केसमुद्रमजवळ रुळाखालची खडी नि माती वाहून गेली आणि रूळ अधांतरी लोंबकळले. तो फोटो मामा लोकांना दाखवतात, बाकीचे नातवाचा दाखवतात तसा.

वादळांची नावं तेरा देशांनी मिळून ठरवली आहेत, पण बोलवायचा मान मामांचा. “मिचाँग बापटल्याला उतरलं, सोळा आणे सज्जन होतं, सांगून आलं.” सगळ्यात जीव ‘गुलाब’वर. २०२१ च्या सप्टेंबरात ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं, विरत विरत मराठवाड्यापर्यंत पोचलं, इथल्या नद्या फुगवल्या, पुढं अरबी समुद्रात जाऊन पुन्हा जोर धरला आणि ‘शाहीन’ नावानं ओमानला गेलं. “जाताना आपल्या घरावरून गेलं,” मामा सांगतात. त्या पावसात शेजाऱ्याचं सोयाबीन गेलं, हे ते सांगत नाहीत. शेजारी सांगतो.

एवढं असूनही गाडी खरोखरच रद्द झाली की सगळे मामांनाच शोधतात. मोबाइलवरचं तिकीट असेल तर पैसे आपोआप खात्यात येतात, खिडकीवर काढलेलं असेल तर तीन दिवसांच्या आत खिडकीवरच द्यायचं, आणि गाडी रेल्वेनं रद्द केली असेल तर भाड्यातला एक रुपयाही कापू द्यायचा नाही. हे ते रांगेतल्या एकेकाला सांगतात. त्या दिवशी मामा चहा घरी पीत नाहीत. पाजणारे पुष्कळ असतात.

मामींना तिरुपतीला जायचं होतं, लग्न झाल्यापासून. पण मामांचं पंचांग वेगळं. एप्रिल-मे वादळाचे. जून ते सप्टेंबर पावसाचे. ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा वादळाचे.

“आणि जानेवारी ते मार्च?” मामींनी एकदा विचारलं.

“तेव्हा सगळं जगच तिरुपतीला निघतं. गर्दी असते.”

यंदा फेब्रुवारीत मामींनी भजनी मंडळाबरोबर परस्पर तिकीट काढलं, नरसापूर गाडीनं विजयवाड्यामार्गे. मामांना सोबत यायचा आग्रह झाला नाही. “वादळ आलंच तर घरी कुणीतरी पाहिजे ना,” मामी म्हणाल्या.

मामा सोडायला आले. मोबाइलवर उपसागर तपासला, दोन्ही बाजूंनी. काही नाही. छत्री उघडून मिटली. घोषणा झाली, गाडी ठरल्या वेळेवर फलाटाला लागली, बायका ‘गोविंदा गोविंदा’ करत चढल्या आणि गाडी सुटलीसुद्धा.

मामा तडक चौकशीच्या खिडकीवर गेले.

“साहेब, नरसापूर वेळेवर कशी काय आली?”

आतल्या साहेबांना या प्रश्नाचा सराव नव्हता.