शिरूर ते दौंड, मार्गे टोकियो

१ जुलै १९७९ रोजी जपानात ३३,००० येन किमतीला विक्रीस आलेला सोनीचा निळा-रुपेरी वॉकमन आपल्या देशात कोणत्याही दुकानी रीतसर मिळत नाही, कारण असल्या चैनीच्या वस्तूंच्या व्यापारी आयातीस सरकारचा मज्जाव आहे, ही वार्ता १९८३ च्या उन्हाळ्यात आमच्या बापूसाहेबांच्या कानी गेली, आणि ज्या यंत्रावाचून त्यांची साठ वर्षे सुखात गेली होती, त्याच्यावाचून पुढचा एक दिवस कंठणे त्यांना अशक्य होऊन बसले. तीच वस्तू शिरूरच्या बाजारपेठेत मांडलेली असती, तर तिच्या किमतीला नावे ठेवून ते मुकाट्याने घरी परतले असते.

मुंबईत मुसाफिरखान्याच्या गल्लीत चोरटा विलायती माल मिळतो हे सर्वश्रुत होते. परंतु शिरूरच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाला पावतीवाचून खरेदी म्हणजे मुंजीवाचून लग्न! सुदैवाने दौंडला एका निवृत्त रेल्वे गार्डांच्या जावयाने कुवेतहून येताना हे यंत्र जकात भरून आणले असून सासरेबुवांना ते विकावयाचे आहे, अशी खबर लागली, आणि व्यवहाराला साक्षीदार हवा म्हणून मलाही एस.टी.त चढावे लागले.

घोडनदीच्या काठच्या आम्हा शिरूरकरांच्या नशिबी रेल्वे नाही. त्यामुळे न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून, चौफुल्याला सोलापूर रस्ता गाठावयाचा. पुढच्या बाकावर एका शेतकरीबुवांच्या मांडीवर, बारीक भोकांच्या चामडी पिशवीत घातलेला ट्रान्झिस्टर होता, आणि त्यातून आकाशवाणीचा निवेदक कांद्याच्या रोपांविषयी जे काही सांगे त्यावर सबंध गाडी, कंडक्टरसह, आपला अभिप्राय देई. "हा जुलूम टाळण्यासाठीच ते यंत्र," बापूसाहेब माझ्या कानात म्हणाले, आणि मसलत सांगू लागले : आठशेपासून सुरुवात करावयाची, सोळाशेच्या वर एक छदाम नाही, आणि वस्तू पसंत पडली तरी चेहऱ्यावर नाराजी कायम ठेवावयाची.

दौंड हे जंक्शन मोठे मासलेवाईक! मनमाडकडून पुण्याला निघालेल्या गाडीचे इंजिन तेव्हा येथे एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडत, आणि नगरपासून तोंड पुढे करून बसलेला प्रवासी, जागचा न हलता, पाठमोरा पुण्याकडे निघे. आयुष्यभर हे सोपस्कार शांतपणे पाहिलेल्या गार्डसाहेबांनी आमचे चहाने स्वागत केले, आणि पेटी उघडली. ओसरीवर शेजारपाजार आधीच जमला होता.

यंत्राला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती. कंपनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांनी नमुन्याचे यंत्र घरी नेऊन एकट्यानेच कानाला लावले तेव्हा पत्नीला ते रुचले नाही, आणि म्हणून दोघांच्या श्रवणाची सोय झाली, असे त्यांनीच पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. टोकियोत दोघांवर भागले; दौंडच्या ओसरीवर एकाच हेडफोनपाशी पोरासोरांसकट अख्ख्या आळीची रांग लागली होती, आणि आमची पाळी येईपर्यंत पेन्सिल सेल टिकतील की नाही, याची मला धास्ती वाटू लागली.

बापूसाहेबांनी मात्र ठरल्याप्रमाणे मोर्चेबांधणी चालविली. यात ध्वनिमुद्रण होत नाही. याला आवाजाचा कर्णा नाही. चार माणसांत लावता येत नाही ते वाद्य कसले? गार्डसाहेबांनी एकाही आक्षेपास उत्तर न देता नाट्यगीतांची कॅसेट आत सरकवली, स्पंजाच्या त्या दोन गोळ्या बापूसाहेबांच्या कानांवर अलगद बसवल्या आणि कळ दाबली.

प्रथम त्यांचे डोळे विस्फारले, मग मिटले. नंतर, कान झाकलेल्या मनुष्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे, ते माझ्याकडे वळून, आपण कुजबुजत आहोत अशा पूर्ण खात्रीने, स्टेशनापर्यंत ऐकू जाईल अशा स्वरात गरजले, "अहो, सोळाशेलासुद्धा फुकट आहे हे! तुम्ही तोंड वाकडंच ठेवा, म्हातारा हजारात देईल!"

ओसरी चिडीचूप झाली. त्या यंत्राच्या माथ्यावर एक नारिंगी बटण असते. ते दाबले की गाणे खाली बसते आणि बाहेर बोललेले शब्द आतल्या मायक्रोफोनमधून थेट ऐकणाऱ्याच्या कानात उतरतात. गार्डसाहेबांनी ते बटण दाबले, यंत्र किंचित ओठांजवळ आणले, आणि अत्यंत अदबीने विचारले, "सोळाशे मंजूर. पावती कोणाच्या नावाने करू?"