तिऱ्ह्यापर्यंत सोबत

टीव्हीवर दिवेघाट दाखवायला लागले की आम्हा सोलापूरकरांना जरा असूयाच वाटते. आळंदी-देहूच्या पालख्या आमच्या जिल्ह्यात शिरतात त्या पार तिकडे धर्मपुरीला नाहीतर अकलूजला. शहराच्या वाट्याला येते ती शेगावची, गजानन महाराजांची पालखी. विदर्भातून निघायचं, मराठवाडा ओलांडायचा आणि ७०० किलोमीटरहून जास्त चालून पंढरपूर गाठायचं, त्यात आमच्याकडे मुक्काम. पांढरे कपडे, हातात पताका, आणि रांग अशी सरळ की आमच्या चौकातल्या रिक्षाही घटकाभर शिस्तीत उभ्या राहतात.

स्पेनमध्ये सान्तियागोला जाणारी साधारण एवढ्याच लांबीची एक पदयात्रा आहे. तिथले यात्रेकरू पिशवीला शिंपला लटकवतात, मुक्कामागणिक पुस्तिकेवर शिक्का घेतात आणि घरी पोचल्यावर पुस्तक लिहितात, असा माझा समज आहे. दुकानात तेवढी दिसतात खरी. आपल्याकडेही दि. बा. मोकाशींनी ‘पालखी’ लिहिलं, इरावती कर्व्यांनी वारीवर लेख लिहिला. पण ते मुळात लेखक. पिढीजात वारकऱ्याला, आपल्या चालण्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच आधी पटवून द्यावं लागतं.

ते पटवायचा प्रयत्न मी तिऱ्ह्यापर्यंत करतो. सीनेकाठचं तिऱ्हे म्हणजे शहराबाहेरचा पहिला टप्पा. पुढे कामती, माचणूर करत मंगळवेढा गाठायला पायी आणखी दोन-तीन दिवस जातात. माझी मजल तिऱ्ह्याची. पालखीच्या मागून मोकळे वारकरी चालत असतात, त्यांच्यात घुसायचं आणि प्रेरणा मिळते का बघायचं.

यंदा अकोल्याकडचे एक बाबा भेटले. पंचाहत्तरीचे तरी असावेत. खांद्याला पडशी, पायांत टायरच्या चपला.

“बाबा, एवढं चालताना मनात काय येतं हो?” मी जरा आवाज खाली आणून विचारलं.

“पाऊस येते का नाही येत, हेच येते.”

मग त्यांनीच माझी मुलाखत सुरू केली. रस्त्याकडेच्या रानात उतरून त्यांनी ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. एवढी काळीभोर जमीन, अन् पेरली नाही? मी सांगितलं की आमच्याकडे भारी रान बहुतेक रब्बीला राखून ठेवतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी अशाच मातीत होते, आणि ती पेरायला अजून अवकाश आहे.

“मंग तवरोक करता काय?”

“वारी बघतो,” मी म्हणालो. त्यांना ते बरोबर वाटलं नसावं.

शेजारून एक आजी चालल्या होत्या. मी सोलापूरचा म्हटल्यावर त्यांनी थेट चादरीवर निकाल दिला. “जड व्हते, अन् ओली झाली त वाळत नाही.” एका गिरणगावाच्या अभिमानाला दोन वाक्यांत घडी घालून त्यांनी आपला प्लॅस्टिकचा कागद दाखवला. ऊन, पाऊस, अंथरूण, सगळ्याला एकच. कडक भाकरीवर मात्र त्या खूश झाल्या. कितीही दिवस टिकते, आमटीत कुस्करली की जेवण होतं, म्हणजे चालणाऱ्या माणसासाठीच केलेली. ती कशी वाळवतात हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मला येत नव्हतं. मी बायकोचा फोन लावून दिला आणि उरलेल्या वाटेत माझ्या फोनवर माझ्याशिवाय सगळं बोलणं झालं.

सान्तियागोला पोचलेली माणसं आता बहुधा विमानानं घरी जातात. शेगावची पालखी परततेही पायीच, दुसऱ्या वाटेनं. तेव्हा ना टीव्ही असतो, ना आमच्यासारखे हौशे. “कंटाळा नाही येत?” मी बाबांना विचारलं. त्यांना प्रश्न कळेना. घर तिकडेच आहे ना, म्हणाले.

तिऱ्ह्यात मी त्यांना नमस्कार केला. त्यांना माझीच काळजी.

“आता परत जासान कसे?”

“एसटीनं.”

“अन् नाही भेटली त?”

“थांबेन की, दुसरी येईल.”

“थांबता कायले जी? चाला आमच्या संगं मंगळवेढ्यापावतर. तिथून सोलापूरले गाड्या लय भेटतात.”