चाकांची जबानी

ज्या गृहस्थाच्या दारी पन्नास वर्षांमागची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, आणि जो ती विकण्याचा निश्चय दर चैत्रात करून दर वैशाखात मोडतो, त्याच्या कानांना प्रपंचातील इतर ध्वनी कालांतराने ऐकू येईनासे होतात. परंतु डाव्या बाजूच्या मागल्या चाकातून निघणारी एक क्षीण खुळखुळ मात्र त्यास झोपेतून उठवून बसवते. अशा गृहस्थांच्या उपयोगार्थ, आणि या प्रकरणी स्वतः दीड महिना आधी फिर्यादी, मग पंच आणि अखेरीस आरोपी अशा तिन्ही नात्यांनी हजर राहिल्याच्या अधिकाराने, प्रस्तुत मार्गदर्शन लिहीत आहे.

प्रथम गाडीची पूर्वपीठिका ध्यानात घ्यावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मूळ इटालियन कुळातील फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, आणि तीच पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे शुद्ध भारतीय नाव लावून नांदू लागली. हिचे इंजिन १०८९ सीसीचे. पण आपल्या तपासाशी संबंध आहे तो तिच्या चारही चाकांतील ड्रम ब्रेकशी. ड्रम म्हणजे लोखंडाचे खोलगट भांडे. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू समोरासमोर बसलेले असतात, पायाखालचे पेडल दाबले की तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडर त्यांना बाहेर रेटतो, ते फिरत्या भांड्याला आतून घासतात, आणि पाय उचलताच स्प्रिंग त्यांना मागे ओढून घेतात. आता सुज्ञ वाचकाने विचार करावा की चार चाकांच्या ठिकाणी ज्याने चार नगारे बांधून घेतले आहेत, त्याने शांततेची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

तपासाची पहिली पायरी म्हणजे आवाजाचे बारसे. या बाबतीत आपली भाषा इतकी समृद्ध आहे की इटालियन कुळातल्या यंत्राची व्याधी मराठीत अधिक चांगली सांगता येते, असे माझे प्रामाणिक मत आहे. वेगाबरोबर चढत जाणारी, दळणाच्या जात्यासारखी अखंड ‘घरघर’ ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. ब्रेक दाबताच निघणारी ‘किंचाळी’ शू आणि ड्रम यांच्यातील धुळीची किंवा गुळगुळीत झालेल्या लायनिंगची. खड्ड्याखड्ड्याला येणारी ‘कुरकुर’ मागल्या पाट्यांची. आणि ‘करकर’ ऐकू आली, लोखंड लोखंडाला खाते आहे असे वाटले, तर लायनिंग संपून ड्रमच्या अंगावर चरे पडू लागले आहेत असे समजून गाडी तिथेच उभी करावी. यात विनोद नाही. तसेच चाकातून ‘टकटक’ येऊ लागल्यास घरी पोहोचण्याची वाट न पाहता रस्त्याच्या कडेला थांबून चाकाचे नटबोल्ट तपासावेत, कारण मालकाच्या आधी चाक घरी पोहोचल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत. याउलट, पावसाळ्यातल्या रात्री उघड्यावर राहिलेल्या गाडीने सकाळच्या पहिल्या दोनचार ब्रेकांना जी खरखर करावी, ती केवळ ड्रमवर चढलेल्या गंजाच्या पापुद्र्याची असते, आणि ती आपोआप जाते. तिच्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलू नये.

बारशाची अडचण एवढीच की साक्षीदारांचे एकमत होत नाही. आमच्या घरी मजकूर आवाजाला आमच्या सौभाग्यवतींनी ‘करकर’ ठरवले, शेजारच्या निवृत्त मामलेदारांनी ‘घरघर’ असा लेखी निर्वाळा दिला, आणि सहा वर्षांच्या नातवाने ‘खुळखुळ’ म्हणताच त्याची जबानी वयाच्या कारणाने नामंजूर करण्यात आली. ही माझी पहिली चूक.

त्यानंतर स्थळपाहणी. लांब, सलग कंपाउंडची भिंत असलेला निर्जन रस्ता पाहावा, भिंतीकडील काच पूर्ण खाली करावी आणि गाडी सावकाश भिंतीच्या कडेने न्यावी, म्हणजे चाकांचा आवाज भिंतीवर आपटून कानी पडतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिनचा वेग उतरूनही आवाज गाडीच्या वेगाला धरून राहिला, तर गुन्हेगार चाकांच्या मुलुखातलाच आहे. गाडी सावकाश डावीकडे वळवली म्हणजे भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा, आणि उलट वळणावर उलट. डांबरावरून सिमेंटवर येताच सूर पालटला, तर बेअरिंगला बिनतक्रार सोडून टायरांची झडती घ्यावी. ब्रेकवर पाय नुसता टेकवताच आवाज बदलला किंवा बंद पडला, तर शू आणि ड्रम यांना समन्स काढावे. यांतील प्रत्येक परीक्षा मी यथासांग केली. ब्रेकने फरक पडेना, वळणाने पडेना. हळू जाताना खुळखुळ स्पष्ट ऐकू येई आणि वेग वाढताच ती नाहीशी होई, जे गाडीने स्वतःहून तक्रार मागे घेतल्याचे लक्षण मानून मी दोनदा तपास तहकूब केला. ही दुसरी चूक, आणि मोठी.

ज्यांना चाक उतरवण्याची हौस आवरत नाही त्यांनी सपाट जमीन पाहावी, उरलेल्या चाकांना पुढून मागून विटा लावाव्यात, आणि केवळ जॅकच्या जामिनावर गाडीखाली डोके घालू नये. ड्रम निघाल्यावर आतली काळी भुकटी फुंकरीने उडवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेले की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावे. शूवर तेलाचा ओलावा दिसला तर तो व्हील सिलिंडरचा की मागल्या एक्सलच्या ऑइल सीलचा, याचा खुलासा मिस्त्रीकडूनच करून घ्यावा.

मिस्त्रीसमोर गाडी आवाज करीत नाही, हा नियम सार्वत्रिक आहे. त्याची मीमांसा अद्याप कोणी केलेली नाही. आमचे मिस्त्री मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींवर हात बसलेले, ज्यांतील शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा त्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवले होते. मी बेअरिंग, शू, पाटे आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यावरील आरोपांची यादी वाचून दाखवीत असता ते बिडी ओढत उभे होते. यादी संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला : “साहेब, गाडी पळवली की आवाज थांबतो ना?” आणि उत्तराची वाट न पाहता मागल्या डाव्या चाकाची व्हीलकॅप पान्याच्या टोकाने उचकटून फरशीवर उपडी केली. तीतून सात चिंचोके पडले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चारही व्हीलकॅप मी पॉलिश करून ओटीवर उताण्या वाळत घातल्या होत्या, नातवाने त्यांपैकी एकीत आपला खेळ मांडला होता, आणि आत वळलेल्या कडेत अडकून राहिलेल्या मुद्देमालासकट ती चाकावर ठोकून बसवणारा इसम मीच होतो. चाक सावकाश फिरे तोवर चिंचोके लोळत. वेग वाढला की कडेला चिकटून बसत. नातवाने ते मोजून घेतले आणि एक कमी असल्याची तक्रार केली.

मिस्त्रींनी दिलेला कागद मी घरी येऊन सौभाग्यवतींच्या हाती ठेवला. त्यावर लिहिले होते : ‘आवाज काढणे – रु. ५०.’ त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “अहो, हे काम तर गाडी फुकट करीत होती.”